थंडाव्याचा कारखाना

दोन वर्षं माझ्या झोपायच्या खोलीत अनोळखी माणसं बूट घालून येत होती.

घर बडोद्यात मांजलपूरला, सोसायटीतलं रो-हाउस. खाली दोन खोल्या, वर एक, त्यावर गच्ची. वरची ती आमची झोपायची खोली. पाहुणे जिना चढून यायचे, पलंगाच्या कडेला उभे राहून भिंतीवरचं थर्मामीटर बघायचे, मग माना वर करून छताकडे बघत राहायचे. कोणी मुंबईचे, कोणी बंगळूरचे, एकदा दोघे जर्मनीहून आलेले. मग सगळे गच्चीवर. मग खाली पोहे, चहा, फोटो. "आपण दाराशी तिकीट लावू या का?" असं हे एकदा म्हणाले, तेव्हा मला हसू आलं होतं.

बघायला येत ते माझ्या धाकट्या भावाचं काम. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. रसायनांच्या एका कारखान्यात इंजिनियर होता, चांगल्या हुद्द्यावर. पंचेचाळिशीला नोकरी सोडली. आमच्या घराण्यात पणजोबांपासून सगळे संस्थानच्या फौजेतले, नंतर कोणी पोलिसात, कोणी रेल्वेत. चालती नोकरी सोडणारा हाच पहिला. कारण विचारलं तर म्हणाला, "करजणच्या रस्त्यानं थंडीच्या शेवटी जा आणि बघ." कापूस वेचून झाला की शेतकरी उरलेली झाडं उपटून बांधावर पेटवून देतात. आपण पऱ्हाटी म्हणतो, तिकडे सांठी. मैलोगणती धूर असतो.

"ताई, एकीकडे हे जाळायचं आणि दुसरीकडे सिमेंट करायला दगड भाजायचा. वेडेपणा नाही का?"

त्यानं काय केलं, तर पऱ्हाटीचा भुगा, चुना आणि चिकणमाती कालवून साच्यात दाबली आणि उन्हात वाळवली. भट्टी नाही, धूर नाही. जेवायला बसायच्या पाटाएवढी लादी, चार बोटं जाड, पण उचलायला हलकी. आम्ही घरात तिला पाटच म्हणत होतो. लोखंडी चौकटीत हे पाट सरकवून गच्चीवर पसरले की खालची खोली थंड राहते, एवढी साधी गोष्ट. पण ती साधी व्हायला तीन वर्षं लागली आणि ती तीनही वर्षं माझ्या मागच्या अंगणात गेली. पहिल्या पाटांना बुरशी आली. दुसऱ्यांना वाळवी. तिसरे वाळताना मधोमध चिरायचे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. संध्याकाळी आल्यावर त्याच्याबरोबर चिखलात बसायचे. चुना घाईत विरवतोस म्हणून तडे जातात, आठवडाभर भिजू दे, हे मी त्याला सांगितलं, आणि तडे थांबले. त्यानं तेव्हा चुन्याच्या हातांनी मला मिठी मारली होती. माझी साडी कायमची गेली. मला त्याचा राग आला नव्हता.

हे सगळं मुद्दाम सांगते. पुढचं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस लबाड होता. नव्हता. त्याचं काम खरं होतं. एका भाऊबीजेला त्यानं ओवाळणी म्हणून आमची सगळी गच्ची पाटांनी मढवून दिली. पुढच्या उन्हाळ्यात, बडोद्याच्या मे महिन्यात, आम्ही दोघं वरच्या खोलीत नुसत्या पंख्यावर झोपलो. ह्यांनी दोनदा उठून थर्मामीटर पाहिलं, विश्वास बसेना म्हणून.

मग पाहुणे सुरू झाले आणि भावाच्या बोलण्यात एक शब्द आला: स्केल. आता स्केल करायचं आहे, म्हणजे पसारा वाढवायचा. करजणच्या वाटेवर, पोर गावाच्या अलीकडे, त्यानं एक यार्ड भाड्यानं घेतलं. दाबाची यंत्रं आली, दाहोदकडच्या बायका कामाला आल्या. तो दिल्लीला जाऊ लागला, परदेशी जाऊन आला. आम्ही बडोद्याचे मराठी लोक घरात अर्धं गुजराती मिसळूनच बोलतो, पण हा आता जेवतानासुद्धा इंग्रजी बोलू लागला आणि तेही व्याख्यानातलं. "आमच्या महिला कामगार हा आमचा कणा आहे," असं तो माझ्या दिवाणखान्यात पाहुण्यांना सांगायचा आणि मी आतून कढीपत्ता तडतडवत ते ऐकायचे. मला अभिमान वाटायचा.

पाहुण्यांना यार्डात मात्र कधी नेत नसे. एकदा विचारलं तर म्हणाला, "लांब पडतं ताई. आणि धूळ फार." मला ते पटलं. पस्तीस वर्षं मुलांना 'कारण द्या' असं विचारत आले, आणि भावानं दिलेलं कारण तपासलं नाही.

मागच्या मे महिन्यात तो दिल्लीला एका परिषदेला गेला होता. विषय होता वाढता उन्हाळा. त्याच दिवशी चौकटींचे स्क्रू आणि पट्ट्या असलेलं एक खोकं चुकून आमच्या घरी आलं. यार्डातून सुपरवायझरचा फोन आला की काम अडलंय. हे गुडघ्यांमुळे गाडी चालवत नाहीत. मी म्हटलं, मीच जाते, बघणंही होईल. सोसायटीच्या नाक्यावरची रिक्षा केली आणि अकराच्या सुमारास निघाले.

यार्ड म्हणजे उघडं मैदान आणि त्यात एक लांबलचक पत्र्याची शेड. ओळीनं मांडलेले पाट बाहेर उन्हात वाळत होते. वाऱ्यानं भुगा उडू नये म्हणून शेडच्या तीन बाजूही पत्र्यानं बंद केल्या होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि परत बाहेर आले. खरंच सांगते, पाय आपोआप मागे फिरले. पत्रा तापला की उपड्या धरलेल्या तव्यासारखी खाली झळ फेकतो. डोक्याला ती आधी कळते. आत बारा-तेरा बायका काम करत होत्या. कोणी चुना कालवत होती, कोणी साच्यात भरत होती, कोणी यंत्राचा दांडा ओढत होती. तोंडाला ओढण्या बांधलेल्या. कोपऱ्यात निळं पिंप, त्यातलं पाणी हाताला कोमट लागलं.

मी वर पाहिलं. पत्रा. नुसता पत्रा. माझ्या भावाच्या कारखान्यात, जिथे छपरं थंड करायचे पाट तयार होतात, तिथल्या छपराला एकही पाट नव्हता.

सुपरवायझरला खोकं दिलं. तो म्हणाला, "बेसो ने बेन, ठंडी छाश मंगावुं?" मी ताकाला हो-नाही म्हणायच्या आत मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. चुना कालवणारी बाई घमेल्यावर कोसळली होती. तीस-बत्तीसची असेल. अंगाला हात लावला तर भाजेल अशी तापलेली, आणि घाम अजिबात नाही. डोळे उघडे पण ओळख नाही. आम्ही चौघींनी तिला उचलून बाहेर निंबाखाली आणलं. मी माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं, पदर ओला करून वारा घातला.

सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. घाबरला नव्हता. "थाय एवुं, बेन. गरमीमां थाय. थोडी वार मां ऊठशे." होतं असं, उठेल थोड्या वेळानं.

"याआधी कोणाला झालं?"

"बे जणीने. गया अठवाडिये."

गेल्या आठवड्यात दोघींना. हे त्यानं पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

"साहेबांना सांगितलंत?"

"साहेबने खबर छे."

साहेबांना माहीत आहे. मी थांबवून ठेवलेली रिक्षा निंबाखाली बोलावली. रिक्षावाला भला माणूस; त्यानं तिला मागे आडवं करायला जागा केली. तिची एक सोबतीण आणि मी तिचं डोकं नि पाय मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलो. हमरस्त्यावरच्या पहिल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आधी बर्फ मागवला, मग माझं नाव विचारलं. लू लागली होती, उष्माघात. सलाईन लावलं, काखेत बर्फ ठेवला, आणि तो मला म्हणाला, "तुम्ही मालकीणबाई का?" मला नाही म्हणायला लाज वाटली आणि हो म्हणायलाही.

तीनेक वाजता ती शुद्धीवर आली. पाणी प्याली. तिच्या बोटांची टोकं चुन्यानं खाल्लेली, पांढरी, सोललेली होती. सोबतिणीनं तिला सांगितलं की या साहेबांच्या बहीण. मग तिच्या बोलीत, हळूहळू, तिनं विचारलं, "बेन, तुमच्या घरावर आमचे पाट आहेत ना?"

"आहेत."

"खरंच थंड लागतं का खाली?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. दीड वर्षं ती ते पाट करत होती आणि एकदाही त्यांच्या सावलीत बसली नव्हती. मी म्हटलं, "लागतं." आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ विमानतळावरून थेट आमच्याकडे आला. हातात काचेचं सन्मानचिन्ह. मी ते घेतलं नाही. आम्ही बहीणभाऊ एरवी खिचडी भाषेत बोलतो, पण भांडताना शुद्ध मराठीत, आईनं लावलेली सवय.

"तुझ्या शेडवर पाट का नाहीत?"

"कळलं मला काल काय झालं. तू तिला नेलंस, फार चांगलं केलंस."

"मी विचारलं ते सांग."

तो खाली बसला. "ताई, प्रत्येक पाट ऑर्डरमधला आहे. आत्ता उशीर झाला तर ते लोक परत जुन्या मालाकडे जातील. आणि शेड भाड्याची आहे. पुढची गुंतवणूक आली की स्वतःचा प्लांट बांधणार, तिथे सगळं असेल. खेळती हवा, पंखे, पाळणाघर. मी आराखड्यात घातलंय."

"आणि तोवर?"

"तोवर थोडं सोसावं लागतं. सगळ्यांनाच. मी काय एसीत बसतो का?"

"हो. दिल्लीला बसला होतास. उन्हाळ्यावर बोलत."

तो लाल झाला. "तुला धंदा कळत नाही."

"मला ऊन कळतं. तू लोकांना उन्हापासून वाचायचं साधन विकतोस, आणि ते करणाऱ्या बायका उन्हानं पडतात, आणि तुला खबर आहे. खबर असून तू विमानात बसलास."

ह्यांनी मध्ये चहाचे कप आणून ठेवले. कोणी प्यालं नाही. जाताना भाऊ म्हणाला, "आठवड्यात करतो काहीतरी. शब्द."

आठवड्यात त्यानं दोन मोठे पंखे बसवले. मी जाऊन पाहिलं. ते पंखे एका टोकाची गरम हवा दुसऱ्या टोकाला फेकत होते. आजारी पडलेली बाई तिच्या गावी गेली होती. तिच्या जागी कोवळ्या चेहऱ्याची दुसरी आली होती, आणि तिचं वय मला विचारावंसं वाटलं नाही.

मग बुधवारी त्याचा फोन आला. आवाज असा, जणू काही झालंच नाही. "ताई, शुक्रवारी दहाजण येताहेत. फार मोठी मंडळी. हे झालं तर सगळं झालं. पोहे कर, आणि ती पांढरी खादीची साडी नेस. फोटोत छान दिसते."

मी फोन ठेवला. पोहे. खादीची साडी. मला माझाच राग आला. दोन वर्षं मी ह्याच्या नाटकातला पडदा होते. माझी पलंगाची चादरसुद्धा मी पाहुण्यांसाठी बदलत होते. त्यांना माझी खोली दिसली की यार्ड दिसायची गरजच उरत नव्हती. माझ्या घराचा थंडावा तिथे झाकण म्हणून वापरला जात होता, आणि झाकण मी दर वेळी घासूनपुसून देत होते.

गच्चीवर पाट बसवणारा लोखंडकामवाला माझ्या ओळखीचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्याला फोन केला. "उद्या सकाळी सहाला चार माणसं आणि टेम्पो घेऊन या. गच्ची मोकळी करायची आहे."

तो आला, पण जिन्यातच थबकला. "साहेबने पूछ्युं छे?"

"साहेबांनी हे मला भाऊबीजेला घातलंय. माझं आहे. मी कोणालाही देईन."

भावाची जाहिरातच अशी होती की हे छप्पर एका दिवसात बसतं आणि एका दिवसात निघतं. त्यात तो खोटं बोलला नव्हता. साडेआठपर्यंत गच्ची उघडी पडली, नुसत्या चौकटींच्या पांढऱ्या खुणा राहिल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "रिपेरिंग छे?" मी हो म्हटलं. हे टेम्पोच्या मागच्या फळीशी उभे राहून पाट नीट रचले जातात की नाही ते बघत होते. एकदाच म्हणाले, "तो बोलणार नाही तुझ्याशी." मी म्हटलं, "माहीत आहे." मग त्यांनी दोरी घट्ट केली.

यार्डात सुपरवायझर आडवा आला. साहेबांना फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, "लावा, आणि त्यांना सांगा, ताई शेडमध्ये उभी आहे." त्यानं लावला की नाही मला माहीत नाही; भाऊ त्या दिवशी पाहुण्यांना घ्यायला मुंबईला गेला होता. शेडच्या छताला लोखंडी अँगल होतेच. त्यांना आडव्या पट्ट्या मारायच्या आणि पत्र्याखाली पाट सरकवायचे, एवढंच काम. बायकांनी यंत्रं थांबवली आणि स्वतःहून पाट हातोहात वर द्यायला लागल्या. त्यांना सांगावं लागलं नाही कुठली बाजू खाली. त्यांनीच केलेले होते. माझी गच्ची केवढीशी, शेडचा जेमतेम तिसरा भाग झाकला गेला. यंत्रांची रांग तेवढी पाटांखाली आली. दुपारी चारच्या सुमारास शेवटचा पाट बसला. एक वयस्कर बाई जमिनीवर सरळ उताणी झोपली आणि वर बघत राहिली. कोणी हसलं नाही. मग दुसरी तिच्या शेजारी झोपली.

शुक्रवारी दहा वाजता दोन गाड्या दारात थांबल्या. भाऊ पुढे आला, मला साध्या साडीत बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुणे मागे होते. सगळे वरच्या खोलीत गेले. खोली तापली होती. थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा वर दाखवत होतं. भावानं ते एकदा बघितलं, मग जिन्यानं धावत गच्चीवर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी लहानपणी एकदाच पाहिला होता तसा होता, मांज्यानं त्याचं बोट कापलं होतं तेव्हाचा.

पाहुण्यांमध्ये एक पन्नाशीच्या बाई होत्या, बहुधा निर्णय त्यांचाच. त्यांनी मला विचारलं, पाट कुठे आहेत? मी हिंदीत सांगितलं, "कामाला गेलेत. जिथे तयार होतात तिथे बायका उन्हानं पडत होत्या. मला घरात थंड झोपायची लाज वाटली. तुम्हाला बघायचं असेल तर तिथे जा."

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. त्या बाई म्हणाल्या, "चला, तिथेच जाऊ." मीही गाडीत बसले, कोणी न बोलावता.

आता मला वाटलं होतं की तिथे तो खाली मान घालेल. मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. शेडमध्ये शिरल्यावर त्या बाई उघड्या पत्र्याखाली थांबल्या, मग चार पावलं पुढे पाटांखाली गेल्या, परत मागे आल्या. फरक त्यांना अंगावर कळला. त्यांनी विचारलं, "एवढ्याच भागात का?"

आणि माझ्या भावानं, क्षणही न दवडता, उत्तम इंग्रजीत सांगितलं, "हा आमचा प्रयोग आहे. आमचं तत्त्व असं की पहिला ग्राहक आमचा कामगार. माझ्या बहिणीनं स्वतःच्या घराचं छप्पर यासाठी दिलं."

मी तिथेच उभी होते. तो माझ्याकडे बोट दाखवत होता. त्या बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले, त्यांचे डोळे भरून आले होते. कोणीतरी फोटो काढला. मी म्हणाले, "हे खोटं आहे," पण मराठीत म्हणाले, आणि पाहुण्यांपैकी कोणाला ते समजलं नाही; समजलं ते त्याला.

त्याला गुंतवणूक मिळाली. दहा दिवसांत सगळी शेड पाटांनी झाकली, कारण ती मंडळी परत येणार होती. हे झालं ते चांगलंच झालं, एवढं मीही मान्य करते. पुढे कोणीतरी मला त्याच्या एका भाषणाचा व्हिडिओ दाखवला. त्यात मी होते, पाटांखाली उभी, हात त्या बाईंच्या हातात. खाली काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. ह्यांनी वाचलं आणि फोन बाजूला ठेवून दिला.

नवरात्र संपल्यावर, ऑक्टोबरचं ऊन पुन्हा चढलं तेव्हा, मी यार्डात गेले. उन्हानं पडलेली ती दाहोदची बाई परत आली होती. बारीक झाली होती, पण हसली. मी विचारलं, "आता कसं आहे? थंड लागतं ना?"

"लागतं, बेन." मग म्हणाली, "पण बपोरची सुट्टी गेली."

आधी उन्हाच्या दिवसांत एक ते तीन काम बंद असायचं. पत्र्याखाली कोणालाच राहवत नसे, म्हणून सुपरवायझर त्यांना निंबाखाली सोडायचा. आता शेड थंड. मग सुट्टी कशाला? जेवायला अर्धा तास, आणि परत यंत्रावर. पाट दुप्पट निघत होते.

मी तशीच भावाच्या केबिनमध्ये गेले. तो नवा आराखडा बघत होता. मी सांगितलं तसं त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ती सुट्टी उन्हासाठी होती, ताई. ऊन गेलं."

आयुष्यभर वर्गात उत्तरं दिली आणि तिथे तोंड मिटून बाहेर आले. घराच्या वाटेवर रिक्षा तरसाळीपर्यंत आली असेल, तेव्हा उत्तर सुचलं. रिक्षा परत फिरवायला लावली. तो तोवर फोनवर होता, बोटानं थांब म्हणाला. मी थांबले नाही. शेडमध्ये गेले. घड्याळात एक वाजून काही मिनिटं झाली होती. मी बायकांना म्हटलं, "डबे काढा. बसा." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी आधी बसले, मातीत, फतकल मारून. मग दाहोदची बसली. मग बाकीच्या. यंत्रं थांबली. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला आणि निघून गेला. थोड्या वेळानं भाऊ आला.

"हे काय चाललंय?"

"दमलेलं माणूस बसतं. त्यासाठी ऊन असावं लागत नाही."

"ताई, घरी जा."

"तीनला जाईन."

तीनला गेले. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशी, आणि चौथ्या. घरून भाकरी आणि बटाट्याची सुकी भाजी नेत होते. त्या मला त्यांची मकाईची रोटली देत. कोणी फार बोलत नसे. एकीनं मला तिच्या मुलाचं शाळेचं पुस्तक वाचायला दिलं आणि मी तिथेच पहिला धडा वाचून दाखवला. पाचव्या दिवशी सुपरवायझरनं फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: बपोरनो आराम, एक कलाक. दोनाचा एकच तास झाला होता. मी ते वाचलं, आणि दाहोदच्या बाईनंही वाचलं. तिला वाचता येतं हे मला तेव्हा कळलं.

"चालशे, बेन," ती म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली असावी.

मला चालत नाही. मी अजून आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, दुपारी जाऊन बसते. भाऊ केबिनच्या काचेतून बघतो. माझ्या गच्चीवर नवीन पाट बसवून देतो असा निरोप त्यानं ह्यांच्यामार्फत दोनदा पाठवला. मी नको सांगितलं. वरच्या खोलीत उन्हाळ्यात आता झोपवत नाही. आम्ही खालीच अंथरूण घालतो.